एक नंबर कुठून मोजायचा

अहो,

उभ्या आयुष्यात तुम्हाला मी एक ओळ लिहिली नाही. लिहायची वेळच कुठं आली? तुम्ही निमगाव साव्याला कामावर असा नाहीतर खाली अवसरीला, दिवेलागणीला तुमची फटफटी आणे गावातल्या आपल्या घरासमोर असायचीच. पण गेल्या मंगळवारी तुमचा डोझर सुरू झाला. हो, तोच! चार वर्षं बाभळीखाली बसलेला. सेल्फ मारला तर दोनदा नुसता घरघरला, तिसऱ्यांदा धडधडायला लागला, आणि मी घराकडं तोंड करून ओरडले, "अहो, झाला बघा चालू!"

आपला संदीप खाली बघायला लागला. युसूफ मिस्त्री पुसलेलेच हात परत पुसत राहिला. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी हाका मारतेय! लाज वाटली आणि हसूही आलं. तेव्हापासून मनात होतं की ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं राहिलंय. आज बसलेच लिहायला.

आधीच सांगून ठेवते, तुमचं गुणगान गायला मी बसलेली नाही. ते तेराव्याला झालं सगळं. मेल्या म्हशीला मणभर दूध! तुमच्यासारखा ऑपरेटर पंचक्रोशीत झाला न्हाई, म्हणे. झाला नसेल. पण त्या ऑपरेटरच्या बायकोला कुणी काही विचारलं का? मला तुमच्याशी भांडायचंय.

भांडण कशावरून ते तुम्हाला ठाऊक आहे. माझा माळ.

पठार जिथं संपतं आणि खाली ओढ्याची दरी सुरू होते, त्या काठावरचा दोन एकर माळ. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो तुम्ही माझ्या नावावर केलात. सासूबाई म्हणाल्या होत्या, दगडं नावावर केली तरी पोरगी बघा कशी फुगलीया. फुगणारच ना मी! माहेरी भावांच्या वाटणीत माझं नाव कुठं नव्हतं. सातबाऱ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं तेव्हा मी तो कागद दोनदा घडी करून दोनदा उघडला होता. तिथं सीताफळं लावायची, हे तेव्हाच ठरवलं. पण जमीन अशी उताराची की पाऊस पडला की माती ओढ्यात आणि दगड जागेवर. आधी सपाट केल्याशिवाय काही लागणार नव्हतं. आणि सपाट करणारा तर माझ्याच घरात होता!

मग तीस वर्षं काय चाललं? माझ्या भावाचं निमगावचं रान तुम्ही सपाट केलंत, त्यात आज ऊस उभा असतो. अवसरीच्या कांदेवाल्यांची रानं केलीत. ज्यांना तुम्ही नावानं ओळखत नव्हता त्यांचे बांध घातलेत. मी विचारलं की एकच उत्तर, "बघू, वैशाखात आखिती झाली की करू." आखिती झाली की पाऊस तोंडावर आला म्हणायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी संसारभर पाहिला. एकदा तर मी रागानं म्हणाले की मी दुसऱ्या गावची गिऱ्हाईक असते तर बरं झालं असतं. तुम्ही ताटावरून न बोलता उठलात. मला वाटलं, राग आला. तुमच्या गप्प बसण्याला मी कायम रागच समजत आले.

मग इंजिनच थकलं. सकाळी पांढरा धूर, दुपारी काळा, आणि ऑइल ओतावं तेवढं पिणार. चढाला लागलं की धापा टाकायचं. तुम्ही म्हणालात, इंजिन उघडायला पाहिजे. उघडलंत नाही. डोझर बाभळीखाली लावलात आणि शेवटची दोन वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून गेलात. ते मला अजून लागतं. आणि एक दिवस जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. असं कुणी जातं का?

संदीप तुमच्यासारखा नाही, तो बोलतो. चाकणच्या कंपनीतून दर शनिवारी घरी येतो आणि आल्या आल्या डोझरकडं बघून उसासा टाकतो. त्याचं म्हणणं, नाकापेक्षा मोती जड झालाय, भंगारात देऊ, आणि तुला माळच सपाट करायचाय ना, मग दोन दिवस पोकलेन लावू की! पोरगं चुकीचं नव्हतं बोलत. पण मला ते जमेना. शब्द तुम्ही दिलेला, डोझर तुमचा, आणि काम कुणाच्या तरी पोकलेननं करायचं? मग तीस वर्षं मी वाट कशाची बघितली? मी त्याला म्हटलं, मला शिमग्यापर्यंत मुदत दे. तोवर डोझर आपल्या पायानं माळावर गेला तर गेला, नाहीतर तू म्हणशील तसं. तो कबूल झाला. मनात म्हणाला असेल, आईचा हट्ट आहे, शिमगा काय लांब आहे?

युसूफ मिस्त्रीला मी आळेफाट्याला जाऊन गाठलं. तुमच्याबरोबर वीस वर्षं काढलेला माणूस, पण आधी नाहीच म्हणाला. म्हणे, वहिनी, शिळ्या कढीला ऊत आणून काय उपयोग? मी त्याच्या गॅरेजातल्या टायरवर बसून राहिले. दोन चहा झाले, तिसऱ्याला त्यानं पान्यांची पेटी गाडीत टाकली.

तीन लाकडांची घोडी उभी केली, साखळीनं इंजिन वर उचललं आणि अंगणात आणून उलटं ठेवलं. अहो, आतून काय दशा होती त्याची! पिस्टनच्या रिंगा हातात घेतल्या की मोडत होत्या. पिस्टन ज्यात वरखाली होतो ते लायनर इतके झिजलेले की मिस्त्रीनं माझं बोट धरून आत फिरवलं, वरच्या अंगाला चक्क पायरी लागली. एवढ्या झिजलेल्या इंजिनावर तुम्ही अवसरीचं शेवटचं काम पुरं करून दिलंत? आणि मला म्हणायचा, जरासा धूर मारतंय.

क्रँक निघाला तेव्हा मात्र मिस्त्री खूश झाला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा, त्याला पाच जागी लोखंडी कॅप घट्ट धरून ठेवतात. पाची कॅप दिसायला सारख्या, पण जिची जागा तिलाच, दुसरीकडं लावायची नाही. म्हणून खोलताना खूण करावी लागते. इथं खुणा आधीच होत्या. मागं तुम्ही इंजिन खोललं होतंत तेव्हा ठोकलेले ठिपके, एकीवर एक, दुसरीवर दोन, असे पाचपर्यंत. मिस्त्री म्हणाला, "भाऊंची खूण हाय, कुठली कुठनं निघाली ते मला बघायचं काम न्हाई." आणि पाची कॅप डिझेलच्या पातेल्यात टाकल्या. ते पातेलं माझं होतं, लाडवांच्या पाकाचं. असो.

सामान आळेफाट्याच्या शेठजींकडून आणलं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले म्हणतात, पण हे आपल्यापेक्षा चोख मराठी बोलतात. मला बघून गादीवरून उठले, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून मला खुर्ची दिली. लायनर, पिस्टन, रिंगा, बेरिंग, गॅस्केट, सगळं एकेक डबा उघडून दाखवलं आणि म्हणाले, डुप्लिकेट घेऊ नका वहिनी, परत परत इंजिन कोण उघडणार? तुम्ही त्या दुकानात तासन्तास का बसायचा ते मला त्या दिवशी थोडं कळलं. तिथं माणसाला मान आहे.

क्रँक ग्राइंडिंगहून आरशासारखा होऊन आला. नवे बेरिंग, नवे लायनर. मिस्त्रीनं क्रँक ब्लॉकात, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्यात, बसवला, ठिपके बघून कॅप लावल्या, पाना लावून आवळल्या. मग म्हणाला, वहिनी, आता हे एका हातानं फिरलं पाहिजे. त्यानं फिरवलं. हललं नाही. मोठा पाना लावला, त्याला पाइप लावला, आठवडाभर रजा काढून आलेला संदीप लोंबकळला. जाम!

सगळं सोडून परत लावलं. परत जाम. बेरिंग बदलून बघितले, ग्राइंडिंगवाल्याला फोन झाला, त्यानं मापं सांगितली, मापं बरोबर होती. चौथ्या दिवशी मिस्त्री हात धुऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला की ब्लॉकच वाकलाय, गरम होऊन होऊन लाइन गेली. ब्लॉक गेला म्हणजे सगळं गेलं. संदीपनं बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी कटर घेऊन येतो म्हणाला तो.

खरं सांगू? त्या शनिवारी मी तुमच्या फोटोकडं पाठ करून बसले. म्हटलं, जिवंत होता तेव्हा माळ केला नाहीत, आता मी करतेय तर तेही होऊ देत नाही.

रविवारी सकाळी मिस्त्री पाने गोळा करायला आला. मी चहा दिला. तो पितापिता आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "येक समजना मला. तीन नंबरची येकटी आवळली तर गरागरा फिरतंय. बाकी कुठली बी आवळा, जाम."

मधली चालते. बाकी एकही नाही.

मी हातातली कपबशी खाली ठेवली. तुमच्या लक्षात येतंय का? तुम्ही जोत्यावर बसून मला सांगायचा, मांडणीवरचा दुसरा डबा आण. मी दारातून आत गेले की माझ्याकडून दुसरा आणायची. तो कधीच तुमचा नसायचा! तुमचा दुसरा म्हणजे तुम्ही बसलाय तिथून दुसरा. पाच डब्यांवरून आपण किती भांडलो असू? फक्त मधला सांगितलात की माझं चुकायचं नाही. पंगतीत बसलात की पहिला माणूस तुम्हीच, मग तुम्ही कुठंही बसलेले असा. आणि डोझरवर तर काय, सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा! "दोन नंबरचा नट ढिला कर गं." मी पुढून, फॅनकडून मोजायची, की वरून ओरडा. सीट इंजिनाच्या मागं. तुमचा एक नंबर कायम तुमच्या गुडघ्याजवळचा.

आणि अंगणात इंजिन एकटंच पडलेलं, सीट तिकडं बाभळीखाली. कुणाला सुचणार?

मला हसू फुटलं. संदीप धावत आला, त्याला वाटलं आईला काहीतरी झालं. मी म्हटलं, "मिस्त्री, एकीला पाचीच्या जागी लावा. दोनीला चारीच्या."

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, साऱ्या जगात येक नंबर फॅनकडूनच असतो."

"जगात असंल. आमच्या घरात न्हाई."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. मग उठला. आवळाआवळीला अर्धा तास लागला असेल. मी तुळशीपाशी उभी, संदीप कमरेवर हात ठेवून उभा. पाचवी कॅप आवळली, मिस्त्रीनं दोन बोटं लावली आणि क्रँक सरकन् फिरला. काय सांगू, पाळणा फिरावा तसा! मिस्त्रीनं मला बोलावलं आणि म्हणाला, तुम्ही फिरवा. मी फिरवला. मग तो तुम्हाला दोन शिव्या देऊन हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याला वाटलं मी बघितलं नाही. संदीपनं भंगारवाल्याला फोन लावला. "दादा, येऊ नका. आमच्या वडलांचा घोटाळा झालाय," असं म्हणाला, त्या माणसाला काय कळलं देव जाणे.

मला मात्र आतून वाईट वाटत होतं. तुमच्या मोजण्यावरून मी जन्मभर चिडले, आणि तुमचं मोजणं ठाऊक असलेलं माणूस जगात मी एकटीच उरले होते. चार दिवस घालवले मी! पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मिस्त्री म्हणायचा, वहिनी तुमी चहाचं बघा, आणि मीही चहाचंच बघत बसले. तुमच्याजवळ पाने देत उभी राहिलेली बाई मी, मला विचारायला कुणी कशाला पाहिजे होतं?

मग हेड बसलं, इंजिन डोझरवर चढलं आणि मंगळवारी ती हाक मारायची गंमत झाली. आठवडाभर मिस्त्रीनं सपाटीवर हळूहळू चालवलं. नव्या इंजिनाला लगेच जोर द्यायचा नसतो म्हणे. धूर म्हणाल तर नावाला नाही. दोन दिवस लिव्हर मीही धरले. हसू नका! सरळ जातो डोझर माझ्या हातानं. वळवताना जरा कुंपण गेलं, आपलंच होतं.

आणि आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. आज सकाळी डोझर माळावर न्यायचा होता. मिस्त्री सीटवर, मी बाजूला टाकीला धरून. ओढ्याच्या अंगाचा तो चढ पायी मी हजारदा चढलेय, डोक्यावर पाटी घेऊन चढलेय. पण डोझरवरून तो चढ वेगळाच दिसतो हो. नाक वर झालं आणि पुढचं काही दिसेना, नुसतं आभाळ. उजव्या हाताला दरी. चेनखालचे दगड सुटून खाली जात होते आणि ते खाली पोचल्याचा आवाज लवकर येत नव्हता. मी डोळे मिटून घेतले.

मधल्या हिवराच्या झाडापाशी मिस्त्रीनं डोझर थांबवला. मला वाटलं, काही बिघडलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, हितपतूर भाऊ दोनदा आल्ते. दुसऱ्या येळी मी संग व्हतो. इंजिन धापा टाकाय लागलं. भाऊ म्हनले, चढात बंद पडलं तर आपुन खाली. लई घामाघूम झाल्ते. मला म्हनले, सुमनला सांगू नको."

मी त्याला विचारलं, कधीची गोष्ट? तो म्हणाला, तुम्ही त्या वर्षी माहेरी लग्नाला गेला होता तेव्हाची. म्हणजे मी घरात नसताना. म्हणजे परत आले की माळ सपाट झालेला दिसावा, म्हणून!

अहो, तुम्ही घाबरला होता. एवढंच ना? मग सांगायचं की! अवसरी, निमगावची दरी नसलेली रानं वेगळी आणि हा काठ वेगळा, हे मला कळलं नसतं का? मी काय म्हणणार होते, चढाच म्हणून? मी आज टाकीला धरून नुसती उभी होते तरी डोळे मिटून घेतले. तुमच्याकडं तर खाली झिजलेलं इंजिन होतं. ज्या माणसाला सगळा गाव छातीचा म्हणतो, त्यानं बायकोला काय सांगायचं, की तुझ्याच तुकड्याला मी भितो? मी मात्र समजत आले की तुमच्या लेखी माझा माळ कशातच नाही. त्या दिवशी ताटावरून उठलात ते रागानं नव्हे तर. किती वर्षं आपण दोघं एकाच गोष्टीचं ओझं वेगवेगळं वाहत होतो?

मी हिवराखाली उतरून बसले आणि रडले. चांगलं मोकळं रडले, तुम्ही गेलात तेव्हाही असं रडता आलं नव्हतं. मिस्त्री पाठ करून तंबाखू मळत उभा राहिला. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, चला. इंजिननं दम सोडला नाही. एका लयीत चढलं, वर जाऊन उभं राहिलं.

वर गेल्यावर पातं पहिल्यांदा टेकवलं ते काठापासून लांब, वरच्या अंगाला. आडवे पट्टे काढायचे ठरवलंय, एकाखाली एक, बांध ठेवत. पहिला पट्टा झाला आहे. फार मोठा नाही, आपल्या अंगणाच्या तिप्पट असेल. सपाट आहे पण. मी चपला काढून त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. खालून लाल माती निघालीय, मऊ.

आता वचन. माळ मी पुरा करीन, घाईनं नाही. काठाजवळचा शेवटचा पट्टा धोक्याचा वाटला तर तसाच सोडीन, त्यात काही कमीपणा नाही. आणि संदीपला आजची गोष्ट सांगणार आहे, रागावू नका. त्याची बायको त्याला काही विचारते तेव्हा तोही "बघू" म्हणून उठून जातो, आणि ती पोर भांडी आपटत बसते. तिला तीस वर्षं आपटू द्यायची नाहीत मला.

आणि काम करताना पुन्हा डोळे मिटून घ्यावेसे वाटले, तर मी डोझर थांबवीन आणि मिस्त्रीसमोर, संदीपसमोर, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणेन, की मला भीती वाटतेय. माझ्या वाटचं म्हणेन आणि तुमच्याही वाटचं म्हणेन. मग पुढं जाईन.

तुमच्यावरचा राग आज सोडलेली,
सुमन